विश्लेषण : पहिले मराठी वर्तमानपत्र इंग्रजीतही का निघाले? कोण होते बाळशास्त्री जांभेकर?

राज्यात दरवर्षी 6 जानेवारीला ‘पत्रकार दिन’ साजरा होतो. 1832 मध्ये याच तारखेला, शुक्रवारी, मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला. मराठीतील हे पहिले वर्तमानपत्र. पण ते केवळ मराठी नव्हते. पानावर शेजारी शेजारी दोन रकाने असत, एक इंग्रजीचा आणि एक मराठीचा. हा प्रयोग करणारे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीत होते.

पोंभुर्ल्याहून मुंबईत

बाळशास्त्रींचा जन्म 1812 सालचा, आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील पोंभुर्ले गावचा. वडील गंगाधरशास्त्री हेच त्यांचे पहिले शिक्षक. पुढे मुंबईत येऊन ते इंग्रजी शिकले. संस्कृत, फारसी, गुजराती, बंगाली अशा भाषांतही त्यांची गती होती. पत्रकारितेची पदवी वगैरे तेव्हा नव्हतीच. अंक काढता काढता शिकायचे, एवढाच अभ्यासक्रम.

दोन भाषा कशासाठी?

कारण वाचक दोन होते. मराठी माणसाला जगात काय चालले आहे, नवे ज्ञान काय आहे हे त्याच्या भाषेत सांगायचे होते. आणि इथल्या लोकांचे म्हणणे राज्यकर्त्या इंग्रजांच्या कानावर घालायचे होते. मराठी रकाना साहेब वाचणार नव्हता आणि इंग्रजी रकाना बहुतेक मराठी माणसांना कळणार नव्हता. विधवांच्या प्रश्नासारखे नाजूक विषयही ‘दर्पण’ने घेतले.

काम सोपे नव्हते. आजही पावसाळ्यात भंडाऱ्याजवळ कारधा येथे वैनगंगेची पातळी वाढली, की इंग्रजी आकडेवारीतून गावकऱ्याला लगेच समजेल असे मराठी वाक्य करताना डेस्कवर घाम फुटतो. बाळशास्त्रींपुढे तर शब्दही तयार नव्हते, ते घडवायचे होते. (1832 मध्ये कारधा परिसर नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. मुंबईचा हा अंक इथल्यांसाठी परराज्यातलाच!)

सुरुवातीला पाक्षिक असलेले ‘दर्पण’ 4 मे 1832 पासून साप्ताहिक झाले. गोविंद विठ्ठल कुंटे, म्हणजे भाऊ महाजन, यांची त्यात साथ होती. 1840 मध्ये ते बंद पडले. त्याच वर्षी बाळशास्त्रींनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक सुरू केले.

प्राध्यापक आणि गणितज्ञही

1834 मध्ये ते एल्फिन्स्टन कॉलेजात अध्यापक झाले. दादाभाई नौरोजी हे त्यांचे विद्यार्थी. ‘शून्यलब्धि गणित’ हे मराठी पुस्तकही त्यांच्या नावावर आहे. ज्या कॅल्क्युलसने इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षी अनेकांची दांडी उडते, तो विषय त्यांनी पावणेदोनशे वर्षांपूर्वी मराठीत आणला होता. कुलाबा वेधशाळेचेही काम त्यांनी पाहिले.

श्रीपाद शेषाद्री प्रकरण

खरी कसोटी 1843 मध्ये लागली. श्रीपाद शेषाद्री हा ब्राह्मण मुलगा मिशनऱ्यांकडे राहिला होता. कोर्टातून तो घरी परतला, पण बाटला म्हणून त्याला जातीत घेण्यास सनातन्यांचा विरोध होता. बाळशास्त्रींनी प्रायश्चित्त देऊन त्याला परत घ्यावे असा आग्रह धरला आणि स्वतः बहिष्काराचा धोका पत्करला. मिशनऱ्यांशी त्यांचे पटले नाही आणि स्वकीयांशीही नाही.

1845 मध्ये त्यांनी ज्ञानेश्वरी शिळाछापावर छापून घेतली. पुढच्याच वर्षी, मे 1846 मध्ये, मुंबईत त्यांचे निधन झाले. वय अवघे 34 च्या आसपास.

पुढे काय झाले?

1862 मध्ये आलेल्या ‘इंदुप्रकाश’ने दोन भाषांचीच वाट धरली. त्याच्या इंग्रजी बाजूचे संपादन काही काळ न्यायमूर्ती रानडे यांनी केले. 1881 मध्ये मात्र ही वाट दुभंगली. टिळक-आगरकरांच्या मंडळीने मराठीसाठी ‘केसरी’ आणि इंग्रजीसाठी ‘मराठा’ अशी दोन स्वतंत्र पत्रे काढली.