शितावरून भाताची परीक्षा

चुलीवरचा भात शिजला की नाही हे पाहण्यासाठी कोणी दाणा न् दाणा दाबून पाहत नाही. चार शिते पाहिली की पुरते. परंतु ती शिते कोठली घ्यावयाची, ह्यावर सारे अवलंबून असते. केवळ तळाची शिते घेतली, तर वरचा भात कच्चा राहिला आहे हे कळणार नाही. ह्या साध्या घरगुती युक्तीला शास्त्राची जोड देऊन देशाचे धान्य मोजण्याची रीत ज्यांनी घालून दिली, त्यांत डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे ह्यांचे नाव अग्रभागी आहे.

त्यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध ह्या खेड्यात झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित विषय घेऊन ते १९३२ साली पदवीधर झाले आणि पुढल्याच वर्षी लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्र हे त्या वेळी अगदी नवे शास्त्र होते. थोड्या नमुन्यावरून साऱ्या समूहाची परीक्षा कशी करावी आणि त्या परीक्षेत चूक किती राहू शकते हे कसे काढावे, ह्या प्रश्नाचा तेथे त्यांनी जर्झी नेमन ह्यांच्यासारख्या गुरूंच्या सहवासात सखोल अभ्यास केला. १९३६ साली त्यांना डॉक्टरेट मिळाली.

स्वदेशी परतल्यावर १९४० साली ते दिल्लीच्या इंपीरियल कौन्सिल ऑफ ॲग्रिकल्चरल रिसर्च ह्या संस्थेत रुजू झाले. तीच आज भारतीय कृषी अनुसंधान परिषद म्हणून ओळखली जाते. त्या काळी पिकाचा अंदाज आणेवारीने बांधत. गावचा अधिकारी शेतावरून नजर फिरवी आणि पीक इतके आणे आले असे कागदावर लिही. त्याची नजर हेच माप! कोणी जपून कमी सांगे, तर कोणी हिरव्या शेताला भुलून अधिक सांगे. गावोगावचे असे आकडे एकत्र होऊन सरकारकडे जात आणि त्यांवरून देशात धान्य किती आहे हे ठरे. १९४३ साली बंगालमध्ये भीषण दुष्काळ पडला व लक्षावधी माणसे अन्नावाचून मेली. त्या अनर्थाची कारणे अनेक होती. पण धान्याचे विश्वसनीय आकडे सरकारजवळ नव्हते, ही उणीवही तेव्हा उघड झाली. आकडा चुकला तर माणसे उपाशी मरतात, हे साऱ्या देशाने पाहिले.

सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ह्यावर जी रीत योजिली ती समजण्यासाठी आपल्या नंदुरबारकडचे उदाहरण घेऊ. शहाद्याच्या बाजूस तापीकाठी काळी कसदार जमीन आहे, तर अक्राणीच्या डोंगरउतारावर ती हलकी व मुरमाड आहे. केवळ तापीकाठची ज्वारी मोजली, तर सातपुड्यातील शेतकऱ्याची स्थिती कधीच कळणार नाही. म्हणून प्रत्येक तालुका निराळा धरावयाचा. त्यातील काही गावे चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडावयाची. त्या गावांतील शेते आणि शेतातील तुकडाही तसाच ठरवावयाचा. रस्त्यालगतचे सोयीचे शेत किंवा डोळ्यांत भरणारे पीक निवडण्यास वावच ठेवावयाचा नाही. मग तो तुकडा मोजून, खुंट्या ठोकून, त्यातील पीक कापावयाचे, मळावयाचे, वाळवावयाचे आणि तोलावयाचे. ह्यालाच पीककापणी प्रयोग म्हणतात.

तुकडा केवढा असावा ह्याविषयी मात्र मोठा मतभेद झाला. लहान तुकडे झटपट कापून होतात, म्हणून काही नामवंत शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूचे होते. सुखात्मे ह्यांनी वाद घालीत न बसता प्रत्यक्ष शेतात पडताळा पाहिला. उत्तर प्रदेशातील मुरादाबाद जिल्ह्यात गव्हाच्या शेतांत लहान व मोठे तुकडे कापून त्यांची तुलना करण्यात आली. तुकडा जितका लहान, तितके उत्पन्न फुगून दिसते, असे आढळले. ह्याचे कारण मनोरंजक आहे. कडेवरचे रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणाऱ्याचा हात सहसा ते आतच घेतो. दोन फूट त्रिज्येच्या वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे साडेबारा चौरस फूट आणि त्याची कडही सुमारे साडेबारा फूट. म्हणजे दर चौरस फुटास एक फूट कड! उलट ३३ फूट लांब व साडेसोळा फूट रुंद तुकड्यात दर चौरस फुटास कड एक पंचमांश फुटाहूनही कमी येते. कड कमी, म्हणून चूकही कमी.

पुढे रोम येथील अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे संचालक म्हणून त्यांनी दीर्घ काळ काम केले. जगातील दोन तृतीयांश लोक उपाशी आहेत, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई. सुखात्मे ह्यांनी १९६१ साली देशोदेशींचे आकडे तपासून दाखविले की, पोटभर अन्न न मिळणारे शेकडा १० ते १५ असावेत. मात्र निकृष्ट आहारावर जगणारे ह्याहून पुष्कळच अधिक आहेत. आकडा वाढवून सांगितल्याने भुकेल्याचे पोट भरत नाही, त्यासाठी खरा आकडाच हवा, ही त्यांची भूमिका होती. ह्या कार्याबद्दल १९६३ साली इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने त्यांना पदक दिले. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण हा किताब दिला.

निवृत्तीनंतर ते पुण्यास आले, पण स्वस्थ बसले नाहीत. एकाच यंत्रातून निघालेले खिळेही तंतोतंत सारखे नसतात. हा फरक किती असला म्हणजे स्वाभाविक आणि किती झाला म्हणजे यंत्र बिघडले असे समजावे, हे ओळखण्यासाठी अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट ह्यांनी १९२४ साली एक आलेख तयार केला होता. मध्ये सरासरीची रेषा आणि वर व खाली एकेक मर्यादा; मोजमाप मर्यादेबाहेर गेले की कारण शोधावयाचे. हाच विचार सुखात्मे ह्यांनी मानवी देहास लावला. धडधाकट माणसाचीही अन्नाची गरज रोज थोडी बदलते, म्हणून सरासरीहून कमी जेवणारा प्रत्येक जण उपासमारीने ग्रासलेला नसतो, असे त्यांनी मांडले. अनेक आहारतज्ज्ञांनी ह्या मताला कसून विरोध केला. त्यामुळे गरिबांची भूक कमी लेखली जाईल, अशी त्यांना भीती वाटे. तो वाद दीर्घ काळ चालला. परंतु भूक मोजताना किती काळजी घ्यावी लागते, हे त्या वादाने सर्वांस शिकविले.

२८ जानेवारी १९९७ रोजी डॉ. सुखात्मे ह्यांचे निधन झाले. आजही सुगीच्या दिवसांत आपल्या शिवारात पीककापणी प्रयोग होतात. शेतात ठोकलेल्या चार खुंट्या आणि काट्यावर तोललेले ते धान्य ह्यांवर पीकविम्याची भरपाईही अवलंबून असते. तेथे एखादी ओंजळ अधिक किंवा उणी धरली गेली, तर कोणा शेतकऱ्याचा हक्क बुडतो. म्हणूनच प्रामाणिक मोजमाप हीसुद्धा एक थोर लोकसेवा आहे.