पाण्याखालचा दिवा आणि लुई बूताँ

मुरूडच्या बाजूला आमचे गाव. घरात तीन पिढ्या मासेमारी चाललेली; मी मात्र कला शाखेत मराठी घेऊन बसलो आहे. तेव्हा दिव्याचा आणि माझा संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध जडला तो काकांच्या हातामुळे.

गेल्या मार्गशीर्षात एका रात्री काकांच्या होडीच्या पंख्यात जाळे गुंतले. अशा वेळी इंजिन बंद करून कोणीतरी सुरी घेऊन खाली उतरायचे आणि चाचपडत जाळे कापायचे, ही आमच्याकडची जुनी रीत. काका उतरले. वरून बॅटरीचा झोत मारून ठेवला होता, पण कुंडलिका, राजपुरी, सावित्री या खाड्यांचा गाळ पोटात घेणारे आमचे पाणी. त्यात उजेड हातभरही उतरेना. काका वर आले ते तळहात फाडून घेऊनच. सहा टाके पडले आणि पंधरा दिवस घरी बसावे लागले. ते घरी बसले म्हणजे घरात काय होते, ते मच्छीमारांच्या मुलांना सांगायला नको.

पाण्याखाली नेता येईल असा दिवा आपणच करावा, असे तेव्हा माझ्या मनाने घेतले. हौसेने समुद्रात बुड्या मारणाऱ्यांसाठी असे दिवे बाजारात मिळतात. पण त्यांची किंमत आमच्या घरात उच्चारण्यासारखी नव्हती. मी लोणच्याची रुंद तोंडाची काचेची बरणी घेतली, आत बॅटरी ठेवली, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचे वेटोळे बसवून वर ग्रीस चोपडले. बरणी विहिरीत सोडली तर ती बुडेचना! शेवटी जाळ्याला लावायचे शिसे बांधून बुडवली आणि वर काढली तेव्हा आत चार बोटे पाणी. बॅटरी गेली ती गेलीच. ही फजिती मी आमच्या इतिहासाच्या सरांना सांगितली. ते हसले नाहीत. त्यांनी एका फ्रेंच माणसाचे नाव एका चिठ्ठीवर लिहून दिले. पाण्याखालच्या छायाचित्रणाच्या इतिहासात त्या नावाला फार मोठा मान आहे. मी मात्र ते प्रथमच वाचत होतो.

लुई बूताँ यांचा जन्म १८५९ साली फ्रान्समधील व्हर्साय येथे झाला. शिक्षणाने ते प्राणिशास्त्रज्ञ. तरुणपणी मेलबर्नच्या आंतरराष्ट्रीय प्रदर्शनाच्या निमित्ताने ते ऑस्ट्रेलियाला जाऊन आले आणि पुढे एका शिंपलेदार सागरी जिवावर प्रबंध लिहून डॉक्टर झाले. इथवर त्यांचे आयुष्य इतर प्राध्यापकांसारखेच दिसते. त्याला वळण लागले ते भूमध्य समुद्राच्या काठी, स्पेनच्या सीमेजवळच्या बान्यूल या गावी. लाकाझ-द्युतिए या नामवंत प्राणिशास्त्रज्ञाने तेथे आरागो प्रयोगशाळा स्थापन केली होती. बूताँ तेथे काम करू लागले आणि धातूचे शिरस्त्राण घालून समुद्राच्या तळाशी उतरायला शिकले. आजच्यासारखी पाठीवर हवेची टाकी घेऊन पोहणे तेव्हा नव्हते. ते साधन कूस्तो आणि गान्याँ यांनी १९४३ साली आणले. बूताँ यांच्या काळी होडीतली माणसे वर पंप मारीत आणि नळीतून आलेल्या हवेवर खालच्या माणसाचा श्वास चाले.

खाली त्यांनी जे पाहिले, ते वर येऊन शब्दांत नीट सांगता येईना. मला हा माणूस आवडला तो येथे. आम्ही साहित्याचे विद्यार्थी शब्द अपुरे पडले की शब्दांनाच दोष देतो. बूताँ यांनी १८९३ साली सरळ कॅमेरा पाण्यात न्यायचे ठरवले. तसा प्रयत्न अगदीच पहिला नव्हता. १८५६ साली इंग्लंडमध्ये वेमथ येथे विल्यम टॉम्पसन याने पेटीत बसवलेला कॅमेरा समुद्रात सोडून एक अंधुक चित्र मिळवले होते. त्याच्याही पेटीत पाणी शिरले होते, हे वाचून माझ्या बरणीला मोठाच दिलासा मिळाला!

बूताँ यांचे बंधू ओग्युस्त इंजिनिअर होते. त्यांनी कॅमेऱ्यासाठी जलाभेद्य पेटी आखून दिली. या पेटीला हवेने भरलेला एक रबरी फुगा जोडलेला होता. खाली दर दहा मीटरला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाने वाढतो. तो दाब फुग्याला दाबी, फुग्यातली हवा पेटीत शिरे, आणि आतला व बाहेरचा दाब सारखा राहिल्यामुळे फटीतून पाणी घुसण्याचे कारणच उरत नसे. मी ट्यूब अधिकाधिक आवळून पाण्याशी कुस्ती खेळत होतो. ओग्युस्त यांनी समुद्राच्याच दाबाला पेटीची राखण करायला लावले.

पण खरी अडचण पेटीची नव्हती, उजेडाची होती. पाणी सूर्यप्रकाश गिळत जाते. आधी तांबडा रंग जातो, मग इतर, आणि शेवटी सारे हिरवट-निळे होऊन राहते. नुसत्या सूर्यप्रकाशात बूताँ यांना एकेका चित्रासाठी अर्धा अर्धा तास काच उघडी ठेवावी लागे. तेवढा वेळ मासा थांबत नाही, शेवाळही हलते. म्हणजे दिवा हवा. विजेचे दिवे तेव्हा नुकते कुठे घरांत शिरत होते. समुद्राच्या तळाशी न्यायचा दिवा कोणाच्या दुकानात मिळणार?

शोफूर नावाच्या विद्युत इंजिनिअरने पहिला दिवा करून दिला. काचेच्या फुग्यात प्राणवायू भरायचा, आत मॅग्नेशियमची पट्टी ठेवायची आणि बारीक तारेतून वीज सोडून ती पेटवायची. उजेड लख्ख पडे, पण पट्टी एकसारखी जळत नसे, पांढऱ्या धुराने काच भरून जाई आणि कधी कधी ती काच फुटे. समुद्राच्या तळाशी, शिरस्त्राणात कोंडलेल्या माणसाच्या शेजारी काच फुटणे म्हणजे काय, याची कल्पना करावी. हा दिवा त्यांना सोडून द्यावा लागला.

दुसरा दिवा प्रयोगशाळेतच जन्मला. बूताँ यांना झोझेफ दाव्हिद या तिथल्या यंत्रकारागिराची साथ होती. त्यांनी सुमारे २०० लिटरचे लाकडी पिंप घेतले, त्यात प्राणवायूचे प्रमाण जास्त असलेली हवा भरली, पिंपाच्या माथ्यावर स्पिरिटचा दिवा ठेवला आणि त्यावर काचेची हंडी घातली. दिव्याशेजारी मॅग्नेशियमची भुकटी ठेवलेली. रबरी गोळा दाबला की भुकटी ज्योतीवर उडे आणि क्षणभर तळ उजळून निघे. दिव्यालाही श्वास लागतो आणि पाणबुड्याप्रमाणे त्यालाही आपली हवा बरोबर न्यावी लागते, ही गोष्ट त्या पिंपाने मला जशी समजावली तशी शाळेतल्या पुस्तकाने समजावली नव्हती.

त्यात भर वजनाची. एक लिटर जागा अडवली की पाणी सुमारे एक किलोने वर ढकलते. माझ्या लिटरभराच्या बरणीला म्हणूनच शिसे लागले. मग २०० लिटरच्या पिंपाला बुडवायला किती भार लागला असेल, हा हिशेब वाचकांनीच करावा. ते धूड लाटांत डोलायचे आणि होडीतल्या माणसांनी ते सांभाळायचे. वाफेची नाही, तोफेची नाही, नुसती एका दिव्याची एवढी सरबराई! पण पिंपाने काम दिले.

इतिहासात नाव बूताँ यांचे राहिले. आराखड्यात भाऊ होता, पिंपात दाव्हिदचा हात होता, पंपावर आणि दोरांवर होडीतली माणसे होती. आमच्या गावात इंजिन दुरुस्त करणाऱ्याचे नाव बंदराबाहेर कोणाला माहीत नसते, म्हणून मला हे जरा टोचले.

१८९९ च्या सुमारास बूताँ यांनी पिंपालाही रजा दिली आणि विद्युतघटांवर चालणारे कमानी दिवे जलाभेद्य आवरणात घालून समुद्रात सोडले. या दिव्यांत कोळशाच्या दोन कांड्यांमधून विजेची ठिणगी अखंड जळते. तिला बाहेरच्या हवेची भीक मागावी लागत नाही. आता रात्रीही चित्रे घेता येऊ लागली. कॅमेरा ५० मीटर खोलवर सोडून घेतलेले चित्र या काळातले. त्याच वर्षी राकोवित्सा या रुमानियन शास्त्रज्ञाचे पाण्याखाली घेतलेले छायाचित्रही प्रसिद्ध आहे. १९०० साली बूताँ यांनी हा सारा उद्योग पुस्तकरूपाने मांडला. पाण्याखालच्या छायाचित्रणावरचे ते पहिलेच पुस्तक मानतात.

पुढे ते या विषयातून जवळजवळ बाजूला झाले, याचे मला आश्चर्य वाटले. फ्रेंच इंडोचायनात काही वर्षे काम, मग बोर्दो आणि नंतर अल्जिअर्स येथे प्राध्यापकी. एक गिबन वानर पाळून त्याच्या आवाजांचा अभ्यास त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. जपानी शेतीचे मोती बाजारात आल्यावर पॅरिसचे जवाहिरे त्यांना नकली म्हणू लागले, तेव्हा हे मोतीही शिंपल्याच्याच पोटी घडलेले खरे मोती आहेत, अशी बाजू बूताँ यांनी घेतली. १९३४ साली त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट मात्र मला माझ्या दुसऱ्या बरणीनेच शिकवली. बान्यूलचे पाणी स्वच्छ, आमचे गढूळ. गढूळ पाण्यात दिवा डोळ्यांजवळ धरला तर उजेड गाळाच्या कणांवरून उलटून डोळ्यांतच येतो. पोलादपूरच्या घाटात धुक्यात मोटारीचा मोठा दिवा लावल्यावर समोर पांढरी भिंत उभी राहते, तसेच. तेव्हा दिवा लांब, एका बाजूला धरायचा. म्हणून मी बरणीला हातभर बांबू बांधला आहे. तोंडाला आता दोन वेटोळी आहेत, आत वर्तमानपत्राचा तुकडा घातला आहे. विहिरीच्या तळाशी रात्रभर ठेवूनही तो कोरडा राहिला. आत एलईडीची छोटी बॅटरी आहे. तिला श्वास लागत नाही, एवढे आपण बूताँ यांच्यापेक्षा भाग्यवान.

नारळी पौर्णिमेनंतर होड्या बाहेर पडल्या तेव्हा काकांनी ती मुकाट्याने उचलली. मध्यंतरी एकदा दोरी पंख्यात गेली, तेव्हा ते ती घेऊन उतरले होते. हात शाबूत आहेत. तक्रार एकच आहे, बरणी वर उसळते आणि एक हात तिलाच धरण्यात जातो. रविवारी घरी गेलो की आणखी पाव किलो शिसे बांधायचे आहे.