विश्लेषण : ‘अंश सेल्सियस’वाल्या सेल्सियसने समुद्र का मोजला?

मोबाइलवर हवामान पाहताना आपण रोज ज्यांचं नाव वाचतो, ते अँडर्स सेल्सियस तापमापीइतकेच एका खडकासाठीही ओळखले जायला हवेत.

१७०१ साली स्वीडनमधल्या उप्साला शहरात त्यांचा जन्म झाला. वडील खगोलशास्त्राचे प्राध्यापक, दोन्ही आजोबाही गणित-खगोलातलेच. १७३० मध्ये सेल्सियस स्वतः प्राध्यापक झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांनी एक वेगळाच प्रश्न हाती घेतला. बोथनियाच्या आखातातले मच्छीमार सांगत, समुद्र मागे हटतोय. ही नुसती दंतकथा नव्हती. बंदर उथळ झालं म्हणून लुलेओ हे अख्खं गाव १६४९ मध्ये हलवावं लागलं होतं.

पुरावा मिळाला तो सील प्राण्यांमुळे. सील पाण्यालगतच्या खडकांवर चढून बसतात आणि तिथे त्यांची शिकार होई. म्हणून अशा खडकांना मालक असत, त्यांची कागदोपत्री नोंद असे. खडक पाण्यावर फार उंच आला की सील चढेनात आणि मालकाचं उत्पन्न बुडे. सेल्सियस यांनी हे जुने दस्तऐवज तपासले. १७३१ मध्ये येव्हले शहराजवळच्या लोवग्रुंड बेटावर एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूणही कोरून घेतली. (बाल्टिकमध्ये भरती-ओहोटी जवळपास नसतेच, म्हणून हे जमलं. मुंबईच्या किनाऱ्यावर अशी एक रेघ मारून काहीच कळलं नसतं.)

१७४३ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला : शंभर वर्षांत पाणी सव्वा मीटरहून जास्त उतरतं. आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा होता. पण वाद पेटला तो पाणी घटतंय या म्हणण्यावरून. बायबलमधल्या सृष्टीच्या कथेला हे छेद देतं, म्हणून धर्मगुरू खवळले. कार्ल लिनियस मात्र सेल्सियस यांच्या बाजूने होते. १७४४ मध्ये, वयाच्या अवघ्या ४२व्या वर्षी, सेल्सियस क्षयाने गेले. त्यांच्या मापनपट्टीत पाणी शून्यावर उकळायचं आणि शंभरावर गोठायचं. तीही त्यांच्या मृत्यूनंतर उलटी केली गेली.

मोजमापाची दिशा बरोबर होती, कारण मात्र चुकलं. पाणी घटत नव्हतं, जमीन वर येत होती. हिमयुगात इथे सुमारे तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो वितळल्यावर जगभरचा समुद्र साधारण १२० मीटर चढला; पण स्वीडनमध्ये ओझं उतरल्यामुळे दबलेली जमीनच उसळू लागली. गादीवरून उठलं की गादी वर येते तसंच, फक्त ही गादी दहा हजार वर्षं झाली तरी अजून वर येतेच आहे. बर्फाच्या ओझ्याची ही कल्पना स्कॉटलंडच्या थॉमस जेमिसन यांनी १८६५ मध्ये मांडली, म्हणजे सेल्सियस जाऊन १२१ वर्षं झाल्यावर.

लोवग्रुंडची ती खूण आज पाण्यापासून सुमारे दोन मीटर उंचावर आहे. स्वीडनच्या दक्षिण टोकाला मात्र जमीन जवळपास उचलली जात नाही, आणि तिथे आता समुद्रच वर चढतोय.