मलिक अंबर : मुकुट न घेतलेला राज्यकर्ता

जालना जिल्ह्याच्या उत्तरेकडील जाफराबादचा मुलूख वऱ्हाडच्या सीमेलगत आहे. सतराव्या शतकाच्या आरंभी या सीमेपलीकडे मोगल होते आणि अलीकडे अहमदनगरची मोडकळीस आलेली निजामशाही. ती पाव शतक तगवून धरली एका हबशी गुलामाने. त्याचे नाव मलिक अंबर.

अंबरचा जन्म १५४८ च्या सुमारास आफ्रिकेतील इथिओपियात झाला. बालपणीच गुलाम म्हणून विकला गेलेला हा मुलगा बगदादमार्गे दख्खनेत पोहोचला. निजामशाहीचा वजीर चंगेजखान हाही मूळचा हबशीच. त्याने अंबरला विकत घेतले आणि त्याच्याच पदरी अंबर राज्यकारभार शिकला.

१६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांनी जिंकला. तेव्हा अंबरने राजघराण्यातील मुर्तझाला परांड्यास गादीवर बसवून राज्य पुन्हा उभे केले. सत्ता हाती असूनही तो स्वतः सुलतान झाला नाही. जमिनीची पाहणी करून त्याने साऱ्याची घडी बसवली, १६१० मध्ये खडकी हे शहर वसवले आणि त्यासाठी भूमिगत नहर खोदवली. मराठा घोडदळाच्या बळावर गनिमी काव्याने त्याने मोगलांना जेरीस आणले.

मात्र त्याची शक्ती सरदारांच्या निष्ठेवर अवलंबून होती. १६१६ मध्ये सिंदखेडचे लखुजी जाधवराव व अन्य सरदार मोगलांना मिळाले. जालन्याजवळील रोषणगावच्या लढाईत अंबरचा पराभव झाला आणि मोगलांनी खडकी उद्ध्वस्त केली. वयाची पासष्टी उलटलेला अंबर तरीही खचला नाही. १६२४ मध्ये अहमदनगरजवळच्या भातवडीस त्याने मोगल व आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेचा धुव्वा उडवला. या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले.

१६२६ मध्ये अंबरचे निधन झाले. त्याचा पुत्र फतेहखान याने १६३३ मध्ये दौलताबाद मोगलांच्या स्वाधीन केले. शहाजीराजांनी निजामशाही वाचवण्याची अखेरची धडपड केली, पण १६३६ मध्ये ती संपली. एका माणसाच्या कर्तृत्वावर उभे असलेले राज्य त्याच्यामागे दहा वर्षेच टिकले.

अंबरची कबर खुलताबादेस आहे. त्याची खडकी पुढे औरंगाबाद झाली व २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखली जाते. नहरीचे अवशेष तेथे आजही दिसतात.