निकोला टेस्ला आणि तीनचा आकडा

एमआरआय करताना मशीन १.५ टेस्लाचे आहे की ३ टेस्लाचे, अशी चर्चा तुम्ही ऐकली असेल. चुंबकीय क्षेत्र मोजण्याच्या या एककाला १९६० मध्ये निकोला टेस्ला या संशोधकाचे नाव देण्यात आले. त्यांचे विजेचे काम आपल्याला माहीत असते. आकड्यांनी त्यांना किती छळले, हे मात्र फारसे माहीत नसते.

कोण होते टेस्ला?

टेस्लांचा जन्म १० जुलै १८५६ रोजी स्मिलियान या गावी झाला. हे गाव आज क्रोएशियात आहे. वडील सर्बियन धर्मगुरू होते. टेस्ला लहान असतानाच त्यांचा थोरला भाऊ घोड्याच्या अपघातात दगावला. तो धक्का त्यांच्या मनातून कधीच गेला नाही. १८८४ मध्ये ते अमेरिकेत पोहोचले. १८८८ मध्ये त्यांना एसी विजेवर चालणाऱ्या मोटारीचे पेटंट मिळाले. १८९६ मध्ये नायगारा धबधब्यावर तयार झालेली वीज बफेलो शहरात पोहोचली, ती त्यांच्याच पद्धतीने.

मोजल्याशिवाय चैन नाही

आपल्या विचित्र सवयींबद्दल टेस्लांनी १९१९ मध्ये आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिले. चालताना ते पावले मोजत. सूपची थाळी, कॉफीचा कप आणि अन्नाचा प्रत्येक तुकडा यांचे घनफळ मनात काढल्याशिवाय त्यांना जेवण गोड लागत नसे. पुन्हा पुन्हा करायच्या कृतींची संख्या तीनने भागली गेलीच पाहिजे, असा त्यांचा हट्ट असे. हिशेब चुकला, तर कित्येक तास गेले तरी सगळे पहिल्यापासून करावे लागे. बायकांच्या कानातले दागिने, विशेषतः मोती, त्यांना सहन होत नसत. दुसऱ्याच्या केसांना हात लावणेही नकोसे वाटे.

आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात एकट्याने काढली. मजला ३३वा, खोली क्रमांक ३३२७. तीनने भागून पाहा, बाकी शून्य येते. याच खोलीत ७ जानेवारी १९४३ रोजी, वयाच्या ८६व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

हा आजार होता का?

न तपासलेल्या माणसाचे निदान डॉक्टरने करू नये. पण या वर्णनातली एक गोष्ट लक्षात ठेवा. जिन्याच्या पायऱ्या मोजणे, गाडीच्या नंबरातील आकड्यांची बेरीज करणे हे आपल्यापैकी अनेक जण करतात. मध्येच सोडून दिले तरी काही बिघडत नाही. 'पुन्हा केलेच पाहिजे' अशी सक्ती वाटू लागते, तिथे छंद संपतो. ऑब्सेसिव्ह कंपल्सिव्ह डिसऑर्डर म्हणजे ओसीडी, आपल्याकडचा मंत्रचळ, असाच चालतो. नको असलेला विचार येतो, जीव घाबरा होतो, ठरावीक कृती केली की क्षणभर बरे वाटते. त्या क्षणभराच्या आरामामुळेच सवय आणखी घट्ट होते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

- मोजणे, तपासणे, धुणे यांत रोज एक तासापेक्षा जास्त वेळ जात असेल
- निरर्थक आहे हे कळूनही थांबता येत नसेल
- अभ्यास, नोकरी किंवा घरातील नाती बिघडत असतील

आजचे परिणामकारक उपचार टेस्लांच्या हयातीत नव्हते. आता भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरे जाऊन ती कृती टाळायला शिकवणारी थेरपी आहे, औषधेही आहेत. औषधांचा गुण यायला साधारण ८ ते १२ आठवडे लागतात, म्हणून ती मध्येच बंद करू नका. घरच्यांनी हसू नये, रागावू नये आणि त्या कृतीत मदतही करू नये. कुठून सुरुवात करावी हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ वर फोन करा.

हुशार माणसे अशीच विक्षिप्त असतात, असे म्हणून घरातल्या कुणाचा त्रास अंगावर काढू देऊ नका. टेस्ला मोठे झाले ते त्यांच्या बुद्धीमुळे आणि कष्टांमुळे. मोजण्याच्या सक्तीने तर त्यांचे तासन्‌तास खाल्ले.