डकोटाचा हिशेब मांडणारा वैमानिक

कोल्हापूरच्या उद्यमनगरात जुने यंत्र घ्यायला निघालेला कारखानदार किंमत ऐकण्याआधी चार प्रश्न विचारतो. यंत्र किती तास चालले आहे, सुटे भाग मिळतात का, दुरुस्ती कोण करणार आणि पुरेसे काम मिळेपर्यंत त्याचा खर्च कोण सोसणार? घेणे सोपे, पोसणे कठीण, हे त्याला अनुभवाने ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धानंतर आपल्या देशातील अनेक विमान कंपन्यांना या साध्या व्यवहाराचा विसर पडला. त्या काळात हा हिशेब परखडपणे मांडणाऱ्यांत जहांगीर रतनजी दादाभाई टाटा, म्हणजेच आपल्या सर्वांचे जेआरडी, अग्रभागी होते.

जेआरडींचा जन्म २९ जुलै १९०४ रोजी पॅरिसमध्ये झाला. वडील रतनजी हे जमशेटजींचे आप्त आणि सहकारी, तर आई सुझान फ्रेंच. फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावरील हार्देलो येथे या कुटुंबाचे घर होते आणि इंग्लिश खाडी विमानाने प्रथम ओलांडणारे लुई ब्लेरिओ हेही तेथे येत. त्या वाळूवर उतरणारी विमाने पाहतच या मुलाचे बालपण गेले. मुंबईत फ्लाइंग क्लब निघताच त्यांनी तेथे नाव घातले. १० फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांना मिळालेला वैमानिकाचा परवाना भारतात दिला गेलेला पहिला परवाना होता.

इंग्लंड आणि भारत यांदरम्यानचा प्रवास एकट्याने पूर्ण करणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी आगाखान यांनी पारितोषिक जाहीर केले. जेआरडी कराचीहून निघाले, तर तरुण अस्पी इंजिनिअर इंग्लंडहून. इजिप्तमध्ये अबुकीर येथे दोघांची गाठ पडली. स्पार्क प्लगअभावी अस्पी अडकून पडले होते. जेआरडींनी आपल्याजवळचा प्लग त्यांना दिला. अस्पी स्पर्धा जिंकले, जेआरडी मागे राहिले. हेच अस्पी पुढे १९६० मध्ये भारतीय हवाई दलाचे प्रमुख झाले. एका क्षुल्लक भागावाचून सबंध विमान जमिनीला खिळून राहते, हे जेआरडींनी तेथे डोळ्यांनी पाहिले.

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी एका इंजिनाचे पुस मॉथ विमान टपालाच्या थैल्यांसह कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला आणले. तेथून नेव्हिल विन्सेंट यांनी टपाल बेळ्ळारीला आणि दुसऱ्या दिवशी मद्रासला पोहोचवले. नकाशावर मुंबई ते बेळ्ळारी अशी सरळ रेघ ओढली, तर ती आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यावरून जाते. अहमदाबादला इंधनाचे डबे बैलगाडीतून येत. पावसाळ्यात जुहूची धावपट्टी पाण्याखाली जाई, तेव्हा सारा मुक्काम पुण्याला हलवावा लागे. टाटांनी या उद्योगात सुमारे दोन लाख रुपये गुंतवले होते आणि सरकारकडून अनुदान नव्हते. त्यामुळे वक्तशीरपणा आणि काटकसर या दोनच गोष्टींवर सेवा उभी राहिली. १९३८ मध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, जेआरडी टाटा सन्सचे अध्यक्ष झाले. कोल्हापूरही या काळात मागे नव्हते. १९३९ मध्ये छत्रपती राजाराम महाराजांनी करवीर संस्थानात विमानतळ उभारला.

महायुद्ध संपले आणि अमेरिकी सैन्याची डकोटा विमाने भारतात मोठ्या संख्येने शिल्लक राहिली. डकोटा हे दोन इंजिनांचे भक्कम विमान. त्याचे मूळ रूप, डीसी-३, १९३५ मध्ये प्रथम उडाले होते. वापरलेली ही विमाने स्वस्तात मिळू लागली, बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांना प्रवासी विमानांचे रूप मिळू लागले आणि जो तो विमान कंपनी काढायला निघाला. टाटांनीही डकोटा घेतली. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सची एअर इंडिया ही सार्वजनिक कंपनी झाली.

खरेदी स्वस्त होती, पण खर्च पुढे होता. डकोटाच्या प्रत्येक इंजिनात १४ सिलिंडर आणि प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे एका विमानाला ५६ प्लग! ठरावीक तास भरले की दोन्ही इंजिने उतरवून, पूर्ण खोलून पुन्हा बांधावी लागत. दुसरे इंजिन हा आधार खरा, पण एक बंद पडले की विमान त्या बाजूला ओढले जाते. निकामी इंजिनाच्या पंख्याची पाती वाऱ्याच्या दिशेला वळवून विमान सावरण्याचा सराव वैमानिकाला सतत लागतो. हा सराव आणि देखभाल यांवर खर्च करण्याची ऐपत नसेल, तर दुसरे इंजिन केवळ खर्च दुप्पट करते. ऐपत असूनही आकाश माफ करीलच असे नसते. २७ डिसेंबर १९४७ रोजी कराचीहून मुंबईला निघालेले एअर इंडियाचे याच जातीचे विमान उड्डाणानंतर कोसळले आणि २३ जणांचा मृत्यू झाला.

प्रवासी मोजके असताना इतक्या कंपन्यांना परवाने देणे आत्मघातकी आहे, असे जेआरडी सांगत राहिले. जानेवारी १९४९ मध्ये रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून निघालेली विमाने मध्यरात्री नागपूरला एकत्र येत आणि थैल्यांची अदलाबदल करून परतत. रात्रीच्या उड्डाणासाठी लागणाऱ्या सोयी आधी उभारा, असा जेआरडींचा आग्रह होता. त्यावरून सरकारशी त्यांचे तीव्र मतभेद झाले.

ज्युपिटर आणि अंबिका या कंपन्या लवकरच बंद पडल्या. १९५० मध्ये न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी समितीनेही वाहतुकीच्या मानाने कंपन्या फार झाल्याचा निष्कर्ष काढून त्यांची संख्या चारवर आणण्याची शिफारस केली. अखेर १९५३ मध्ये विमान वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले. इतरांच्या बेहिशेबी धाडसाची किंमत नीट चाललेल्या एअर इंडियालाही मोजावी लागली. जेआरडींना हे मनापासून लागले. तरीही सरकारी झालेल्या एअर इंडिया इंटरनॅशनलचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले आणि १९७८ मध्ये सरकारने दूर करेपर्यंत ते सांभाळले.

१९८२ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी, त्यांनी जुन्या लेपर्ड मॉथ विमानातून कराची-मुंबई हा प्रवास पुन्हा केला. जतन केलेले जुने यंत्र पन्नास वर्षांनीही विश्वासाने उडते, याचा हा पुरावाच होता. १९९२ मध्ये त्यांना भारतरत्न मिळाले आणि २९ नोव्हेंबर १९९३ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. जानेवारी २०२२ मध्ये एअर इंडिया पुन्हा टाटांकडे आली.

उजळाईवाडीच्या धावपट्टीवर आज विमाने नियमित उतरतात. प्रवाशाला तिकिटाचा दर दिसतो. त्या दरामागे कार्यशाळेत उघडलेले इंजिन, वेळेवर बदललेला भाग आणि वैमानिकाने गिरवलेला सराव असतो. हा न दिसणारा खर्च टाळून विमान पोसता येत नाही, हे जेआरडी जन्मभर सांगत आले.