कृष्णविवराच्या गणितामागचे कोल्हापूरकर

कृष्णविवरात पडलेल्या पदार्थाचे पुढे काय होते? या प्रश्नाचा माग काढताना जे गणित हाती लागते, त्याचा एक धागा कोल्हापूरला येऊन मिळतो.

विष्णू वासुदेव नारळीकर यांचा जन्म २६ सप्टेंबर १९०८ रोजी कोल्हापुरात झाला. मुंबईत पदवी घेऊन ते केंब्रिजला गेले आणि रँग्लर झाले. पंडित मदनमोहन मालवीय यांच्या निमंत्रणावरून १९३२ मध्ये, पंचविशीही गाठण्याआधी, ते बनारस हिंदू विद्यापीठात गणित विभागाचे प्रमुख झाले. आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धांत तेव्हा आडवाटेचा विषय मानला जाई. नारळीकरांनी तोच शिकवला आणि त्यात विद्यार्थी घडवले.

१९४२ मध्ये प्रल्हाद चुनीलाल वैद्य हा गुजराती तरुण त्यांच्याकडे आला. ताऱ्याभोवतीच्या गुरुत्वाकर्षणाचे गणित श्वार्झशिल्ड यांनी १९१६ मध्येच मांडले होते. पण त्यात ताऱ्याचे वस्तुमान कायम धरलेले होते. खरा तारा प्रकाश देता देता झिजतो. आपला सूर्यच दर सेकंदाला सुमारे ४० लाख टन वस्तुमान प्रकाशरूपाने गमावतो. नारळीकरांच्या मार्गदर्शनाखाली काम करताना वैद्यांनी १९४३ मध्ये अशा तेजस्वी ताऱ्याचे गणित सोडवले.

‘ब्लॅक होल’ हा शब्दही तेव्हा रूढ नव्हता. पुढे हेच गणित उलट्या दिशेने वापरता आले: प्रकाश बाहेर पडण्याऐवजी आत पडतो असे धरले, की कृष्णविवर कसे वाढते हे कळते. आत पडणारा वायू ताणला जातो, तापतो आणि झळाळतो. एकदा सीमा ओलांडली, की त्याचा प्रकाशही परतत नाही. विवराचे वस्तुमान वाढते आणि सीमा बाहेर सरकते. पडले ते लोखंड होते की हायड्रोजन, हे बाहेरून ओळखता येत नाही. सिद्धांतानुसार खूण उरते ती वस्तुमान, विद्युतभार आणि फिरकी एवढीच. केंद्राशी तर आइन्स्टाइन यांची समीकरणेही हात टेकतात.

नारळीकरांनी १९६० पर्यंत बनारसला अध्यापन केले. नंतर ते पुणे विद्यापीठात प्राध्यापक होते. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. कोल्हापुरातच जन्मलेले त्यांचे पुत्र जयंत विश्वशास्त्रात जगप्रसिद्ध झाले. ते समीकरण मात्र वैद्यांच्या नावाने ओळखले जाते. गुरूचे नाव त्यात नाही.